तत्त्वज्ञानातील मूलभूत प्रश्नांना कसे भिडावे: पाश्चात्त्य परंपरेच्या नव्या वाचकासाठी

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाकडे वळणारा नवा वाचक बहुधा दोनपैकी एका वाटेने जातो. एक तर तो थेलीसपासून इतिहास वाचायला घेतो आणि सॉक्रेटिसपर्यंत पोहोचण्याआधीच नावांच्या गर्दीत थकून जातो. किंवा ‘ज्ञान म्हणजे काय’, ‘माणूस स्वतंत्र आहे का’, ‘चांगले कशाला म्हणावे’ असा प्रश्न समोर येताच स्वतःचे मत सांगून मोकळा होतो. पहिल्या वाटेने नावे पाठ होतात, दुसरीने मते पक्की होतात. प्रश्नाला मात्र दोन्हीकडे कोणी हात लावलेला नसतो. येथे सुचवलेली पद्धत वेगळी आहे. एक प्रश्न घ्यावा, तो नेमका करावा, त्याला दिली गेलेली उत्तरे युक्तिवादाच्या रूपात मांडावीत आणि प्रत्येक उत्तर स्वीकारताना त्यासोबत आणखी काय काय स्वीकारावे लागते, याचा हिशेब करावा. हा शेवटचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण या विषयातील जवळजवळ प्रत्येक उत्तराला किंमत असते आणि ती न विचारता घेतलेले उत्तर पहिल्याच उलटतपासणीत हातातून निसटते.

प्रश्न आधी नेमका करावा

कोणता प्रश्न आधी घ्यावा याची फार चिंता करू नये. ज्ञान, अस्तित्व, मन आणि शरीर, इच्छास्वातंत्र्य, नीती आणि ईश्वर यांपैकी कोठूनही सुरुवात केली, तरी दोन-तीन पावलांत दुसऱ्या क्षेत्राची हद्द लागतेच. काळजी घ्यायची ती वेगळ्या गोष्टीची: हे प्रश्न दिसायला एकेरी असतात, पण त्यांच्या पोटात बहुधा दोन-तीन प्रश्न दडलेले असतात आणि वाचक त्यांतल्या भलत्याच प्रश्नाचे उत्तर देऊन बसतो.

‘वीस वर्षांपूर्वीचा मी आणि आजचा मी एकच व्यक्ती आहोत का?’ हा प्रश्न घेऊ. ‘नाही, माझे विचार आता पार बदलले आहेत’ असे उत्तर चटकन येते. परंतु हे उत्तर दोन काळांतील गुणांच्या सारखेपणाविषयी आहे, आणि प्रश्न सारखेपणाचा नव्हताच. बदल झाला असे म्हणण्यासाठीसुद्धा, ज्याच्यात तो झाला असा कोणीतरी एक जण आधीपासून शेवटपर्यंत असावा लागतो. म्हणजे खरा प्रश्न असा उरतो: इतके सगळे बदलूनही ती व्यक्ती एकच आहे, हे कशाच्या आधारावर ठरते? शरीराच्या, स्मृतीच्या, आत्म्याच्या की आणखी कशाच्या?

प्रश्न असा नेमका झाला की उत्तरांना धार येते. जॉन लॉक याने १६९४ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत घातलेल्या प्रकरणात असे उत्तर दिले की व्यक्तीची एकता जाणिवेच्या एकतेवर अवलंबून असते. एखाद्या राजपुत्राची जाणीव, त्याच्या सर्व आठवणींसह, एका चांभाराच्या शरीरात गेली, तर त्या शरीरात आता जी व्यक्ती आहे ती राजपुत्रच होय, आणि राजपुत्राच्या कृत्यांचा जबाब तिनेच द्यायचा. हे पटण्याजोगे वाटते. त्यावर टॉमस रीडने १७८५ मध्ये उभे केलेले उदाहरण असे: एका मुलाला बागेतली फळे चोरल्याबद्दल फटके बसले, तोच पुढे तरुण अधिकारी झाला आणि त्याने शत्रूचे निशाण काबीज केले, म्हातारपणी तो सेनापती झाला. निशाण काबीज करताना त्याला फटके आठवत होते, सेनापती झाल्यावर निशाण आठवते, पण फटके मात्र साफ विसरले गेले आहेत. स्मृती हाच निकष धरला, तर सेनापती आणि अधिकारी एकच, अधिकारी आणि मुलगा एकच, तरीही सेनापती आणि मुलगा मात्र एक नाहीत, असा निष्कर्ष निघतो, आणि तो उघडच विसंगत आहे.

येथे लॉक चुकला असे म्हणून पुढे जाण्याची घाई करू नये. त्याचे उत्तर दुरुस्त करता येते का, हे आधी पाहावे. थेट आठवण नसली तरी एकमेकींत गुंतलेल्या आठवणींची साखळी पुरेशी आहे, असे म्हटले की रीडचा आक्षेप मागे हटतो. मात्र ही दुरुस्ती केल्यावर, अजिबात आठवत नसलेल्या कृत्यालाही माणूस जबाबदार ठरतो, आणि लॉकला जबाबदारीचा जो सरळ अर्थ हवा होता तो सुटतो. तत्त्वज्ञानातील किंमत ती अशी.

व्याख्येची परीक्षा: ज्ञान म्हणजे काय?

पद्धत हाताला बसायची असेल तर एक प्रश्न शेवटपर्यंत नेऊन पाहावा, आणि त्यासाठी ज्ञानाच्या प्रश्नाइतका सोयीचा दुसरा प्रश्न सापडणे कठीण आहे. या प्रश्नावरचा वाद बराचसा व्याख्येभोवती फिरतो, आणि व्याख्या तपासण्याची साधने आपल्या तर्कशास्त्राच्या वाचकाला परिचित आहेत: जे आत यायला हवे ते बाहेर राहिले तर अव्याप्ती, जे बाहेर राहायला हवे ते आत आले तर अतिव्याप्ती. प्लेटोच्या संवादांतील सॉक्रेटिस पुनःपुन्हा हेच करतो. सद्गुण म्हणजे काय असे विचारल्यावर समोरचा माणूस सद्गुणांची यादी देतो. सॉक्रेटिस म्हणतो, मला यादी नको, या सगळ्यांत समान काय ते सांग.

‘मेनो’ या संवादात प्लेटोने एक साधा पेच मांडला आहे. लारिसा या गावाचा रस्ता ज्याला ठाऊक आहे तो आपल्याला तेथे नेईल; पण ज्याला तो ठाऊक नाही, केवळ ज्याचा अंदाज बरोबर आहे, तोही आपल्याला तेथेच नेऊन पोहोचवील. मग ज्ञान आणि बरोबर निघालेले मत यांत फरक काय, आणि ज्ञानाला अधिक मोल का? सॉक्रेटिसचे उत्तर असे की बरोबर मते ग्रीक पुराणकथेतील शिल्पकार डीडॅलस याच्या पुतळ्यांसारखी असतात; बांधून ठेवली नाहीत तर पळून जातात. कारणांच्या दोरीने बांधले की मताचे ज्ञान होते.

या विचाराला पुढे एक सुटसुटीत रूप मिळाले. एखाद्याला अमुक एक गोष्ट ‘माहीत आहे’ असे म्हणण्यासाठी तीन अटी: ती गोष्ट सत्य असली पाहिजे, त्याचा तिच्यावर विश्वास असला पाहिजे आणि त्या विश्वासाला पुरेसे समर्थन असले पाहिजे. या अटी एकेक करून काढून पाहाव्यात. सत्याची अट काढली, तर पृथ्वी स्थिर आहे असे मानणाऱ्यांना ते ‘माहीत होते’ असे म्हणावे लागेल. विश्वासाची अट काढली, तर ज्याचा एखाद्या गोष्टीवर काडीचाही विश्वास नाही त्याला ती माहीत आहे, असा विचित्र प्रकार होईल. समर्थनाची अट काढली, तर नाणेफेकीचा बरोबर निघालेला अंदाजसुद्धा ज्ञान ठरेल. म्हणजे तिन्ही अटी आवश्यक दिसतात. त्या पुरेशा आहेत का, हा निराळा प्रश्न आहे, आणि नवा वाचक नेमका येथेच थांबतो. ‘आवश्यक’ आणि ‘पुरेसे’ यांची गल्लत ही या विषयातील सर्वांत सामान्य चूक असावी.

त्या अटी पुरेशा नाहीत, हे एडमंड गेटिअर याने १९६३ मध्ये अवघ्या तीन पानांच्या निबंधात दाखवले. स्मिथ आणि जोन्स या दोघांनी एकाच नोकरीसाठी अर्ज केला आहे. नोकरी जोन्सला मिळणार असे स्मिथला कंपनीच्या अध्यक्षाने सांगितले आहे, आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत हे त्याने स्वतः मोजून पाहिले आहे. यावरून तो निष्कर्ष काढतो की ज्याला नोकरी मिळणार त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते, आणि त्याच्या नकळत त्याच्याही खिशात दहाच नाणी असतात. निष्कर्ष सत्य आहे, स्मिथचा त्यावर विश्वास आहे, विश्वासाला भरभक्कम समर्थन आहे. आणि तरीही स्मिथला ते माहीत होते असे म्हणायला जीभ रेटत नाही, कारण तो खरा ठरला तो निव्वळ योगायोगाने.

असे उदाहरण वाचल्यावर त्याचा सांगाडा ओळखता आला पाहिजे. समर्थन एका दिशेने येते, सत्य दुसऱ्याच दिशेने येते आणि दोघांची गाठ अपघाताने पडते. सांगाडा कळला की तसे उदाहरण स्वतः रचून पाहावे. बंद पडलेल्या घड्याळाकडे, ते चालू आहे असे समजून, नेमक्या बरोबर वेळी पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण बर्ट्रंड रसेलने १९४८ मध्ये, म्हणजे गेटिअरच्या आधीच दिले होते. तेही याच साच्यातले आहे.

आता दुरुस्त्या पाहाव्यात. पहिली सुचणारी दुरुस्ती अशी: ज्या विश्वासापर्यंत पोहोचताना वाटेत कोठेही असत्य विधानाचा आधार घेतलेला नाही, त्यालाच ज्ञान म्हणावे. स्मिथने ‘नोकरी जोन्सला मिळणार’ हे असत्य वाटेत घेतले होते, म्हणून तो बाद होतो. ही दुरुस्ती बरी वाटते तोच दुसरे उदाहरण पुढे येते, जे ॲल्विन गोल्डमनच्या १९७६ मधील निबंधामुळे प्रसिद्ध झाले. एक माणूस गाडीतून जाताना शेतातले कोठार पाहतो आणि ‘ते कोठार आहे’ असे मानतो. ते खरेच कोठार असते. परंतु त्या परिसरात, त्याला ठाऊक नसताना, कोठारांचे हुबेहूब दर्शनी देखावे जागोजागी उभारलेले असतात आणि त्याची नजर पडली ते एकमेव खरे कोठार असते. त्याने वाटेत कोणतेही असत्य गृहीत धरलेले नाही. त्याला ते कोठार आहे हे माहीत आहे का? येथे लोकांची मते फुटतात, आणि आपले मत कोणत्या बाजूला जाते हे वाचकाने पुढचे वाचण्याआधी कागदावर लिहून ठेवावे.

दुसरी दुरुस्ती सांगते की समर्थनाऐवजी विश्वास ज्या प्रक्रियेतून निर्माण झाला ती भरवशाची आहे की नाही, हे पाहावे. यामुळे लहान मुलांना आणि प्राण्यांना ज्ञान असते असे सहज म्हणता येते, कारण त्यांना कारणे सांगता येत नसली तरी त्यांचे डोळे भरवशाचे असतात. किंमत अशी की ज्याला स्वतःच्या बाजूने एकही कारण देता येत नाही अशा माणसालाही ज्ञान आहे असे मानावे लागते. तिसरी दुरुस्ती समर्थनाची पातळी इतकी वाढवते की चुकीला वावच उरू नये. मग गेटिअरची उदाहरणे आपोआप गळून पडतात, पण त्यांच्याबरोबर आपले जवळजवळ सगळे ज्ञानही गळून पडते. या तिघींपैकी कोणती दुरुस्ती परवडते, हे ठरवणे म्हणजेच या प्रश्नाला उत्तर देणे.

युक्तिवाद सुटा करून पाहावा

तत्त्वज्ञांचे लेखन वाचताना निष्कर्षावर खूण करणे सोपे असते. तो कोठून निघाला हे दाखवणे अवघड जाते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या परिच्छेदातील आधारविधाने क्रमांक देऊन वेगळ्या ओळींवर लिहावीत, त्यांच्याखाली रेघ मारून निष्कर्ष लिहावा आणि दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. आधारविधाने सत्य मानली तर निष्कर्ष टाळता येतो का? आणि ती आधारविधाने मुळात सत्य आहेत का? पहिला प्रश्न युक्तिवादाच्या आकाराचा आहे, दुसरा आशयाचा. एखादा युक्तिवाद पटत नसेल तर बिघाड यांपैकी नेमका कोठे आहे, हे बोट ठेवून सांगता आले पाहिजे. ‘मला काही हे पटत नाही’ एवढ्याने भागत नाही.

रने देकार्त याच्या विचारांवर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. १६४१ मधील ‘मेडिटेशन्स’ (म्हणजे ‘चिंतने’) या ग्रंथात तो संशयाच्या पायऱ्या चढत जातो: इंद्रिये कधीकधी फसवतात, मी शेकोटीपाशी बसलो आहे असे वाटते खरे, पण स्वप्नातही असेच वाटते, आणि एखादी महाबलाढ्य, कपटी शक्ती मला प्रत्येक बाबतीत फसवत असेल तर गणितही सुरक्षित नाही. तरीही फसवला जाणारा मी असलोच पाहिजे. याच धर्तीवर मन आणि शरीर यांच्या भेदाचा पुढील युक्तिवाद त्याच्या नावावर सांगितला जातो:

१. माझे शरीर अस्तित्वात आहे की नाही, याविषयी मी संशय घेऊ शकतो.
२. मी अस्तित्वात आहे की नाही, याविषयी मी संशय घेऊ शकत नाही.
३. म्हणून मी आणि माझे शरीर एक नव्हेत.

दोन्ही आधारविधाने खरी मानून चालू. तरी निष्कर्ष निघतो का? अशा वेळी त्याच आकाराचा दुसरा युक्तिवाद रचून पाहणे ही सर्वांत उपयुक्त युक्ती आहे. समोर मुखवटा घातलेला माणूस उभा आहे. हा कोण, याविषयी मला संशय आहे. माझे वडील कोण, याविषयी मला संशय नाही. म्हणून हा माझा बाप नव्हे. आकार तोच, आणि निष्कर्ष उघडपणे खोटा ठरू शकतो. संशय घेता येणे किंवा न येणे हा त्या वस्तूचा गुण नसून माझ्या माहितीची मर्यादा आहे. देकार्तच्या ग्रंथासोबत छापलेल्या आक्षेपांत आंत्वान आर्नो याने भूमितीतून असेच उदाहरण दिले होते: एखादा त्रिकोण काटकोन आहे याची खात्री असलेल्या माणसाला, त्याच्या कर्णावरील वर्ग उरलेल्या दोन बाजूंवरील वर्गांच्या बेरजेइतका असतो याविषयी शंका असू शकते, म्हणून तो गुणधर्म त्या त्रिकोणात नाही असे होत नाही.

एवढ्यावर देकार्त निकालात निघाला असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. सहाव्या चिंतनात तो मांडतो तो युक्तिवाद संशयावर उभा नाही; दोन गोष्टी एकमेकींवाचून स्पष्टपणे कल्पिता येतात, म्हणून त्या वेगळ्या असू शकतात, असे तो तेथे म्हणतो. आक्षेप घेण्याआधी प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट युक्तिवाद शोधण्याची शिस्त येथे कामी येते. त्या बळकट रूपालाही अडचण आहेच, आणि ती बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने मे १६४३ मध्ये देकार्तला लिहिलेल्या पत्रात अचूक पकडली: ज्याला आकार नाही, विस्तार नाही असे मन शरीराला ढकलते तरी कसे? पत्रव्यवहारात देकार्तने दिलेली उत्तरे वाचून तिचे समाधान झाले नाही, आणि माझ्या मते आजच्या वाचकाचेही होऊ नये.

वर्तुळ ओळखायला शिकावे

काही युक्तिवादांत आधारविधान आणि निष्कर्ष वेगवेगळे दिसतात, पण आतून एकच असतात. हे ओळखण्याचा सराव डेव्हिड ह्यूमच्या विगामी अनुमानाविषयीच्या, म्हणजे पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्यांविषयी काढलेल्या अनुमानाविषयीच्या, प्रश्नावर करावा. एक बिलियर्डचा चेंडू दुसऱ्यावर आदळला की दुसरा सरकतो, हे आपण अनेकदा पाहिले आहे. पुढच्या वेळीही तसेच होईल, हे आपण कशावरून म्हणतो? तर्काने नाही, कारण चेंडू जागीच थांबला किंवा उलट फिरला अशी कल्पना करण्यात कोणताही आत्मविरोध नाही. अनुभवाने म्हणावे, तर अनुभव झाल्या गोष्टींचा असतो. ‘निसर्ग आजवर जसा वागला तसाच पुढेही वागेल’ हे तत्त्व मध्ये आणले तर काम होते. परंतु ते तत्त्व कशावरून खरे? ते आजवर खरे ठरले आहे म्हणून, असे उत्तर दिले की जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले गेले.

ह्यूमने १७४८ मधील ‘ॲन एन्क्वायरी कन्सर्निंग ह्यूमन अंडरस्टँडिंग’ या ग्रंथात यावर काढलेला निष्कर्ष असा की असे अनुमान आपण सवयीने करतो, त्यामागे बुद्धीचा पुरावा नाही. तो काही अनुमान करणे सोडा असे सांगत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. कार्ल पॉपरने १९३४ मध्ये वेगळाच मार्ग काढला: विज्ञानाला विगमनाची गरजच नाही, सिद्धान्त मांडावेत आणि ते खोटे ठरवण्याचा प्रयत्न करावा. हे आकर्षक आहे, पण पूल बांधताना आपण अनेक कसोट्यांतून तावून निघालेला सिद्धान्त निवडतो, कालपरवा सुचलेला निवडत नाही. तो उद्याही टिकेल असे मानायला काही आधार आहे की नाही, या प्रश्नावर पॉपरच्या अनुयायांची पंचाईत होते.

कल्पित प्रसंग कसा वापरावा

नीतीच्या प्रश्नांत वाचक सर्वांत लवकर चिडतो आणि कल्पित प्रसंगांवर सर्वांत जास्त चिडतो. फिलिपा फूट हिने १९६७ मध्ये मांडलेला ट्रामचा प्रसंग सर्वांना ऐकून ठाऊक असतो: ट्राम आवरत नाही, सरळ गेली तर पाच कामगार मरतील, चालकाने दुसऱ्या रुळावर वळवली तर एक मरेल. ‘मी ओरडून त्यांना सावध करीन’ असे उत्तर देणारा प्रसंगातून पळ काढतो. असे प्रसंग प्रयोगशाळेतील प्रयोगासारखे असतात. बाकी सर्व स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि आपला निर्णय बदलतो का ते पाहायचे.

म्हणून त्याच्या जोडीला दुसरा प्रसंग ठेवावा, जो ज्यूडिथ जार्विस थॉमसन हिने १९७६ मध्ये दिला. आपण पुलावर उभे आहोत. खालून ट्राम पाच जणांकडे धावते आहे. शेजारी उभ्या असलेल्या धिप्पाड माणसाला खाली ढकलले तर त्याच्या देहाने ती थांबेल. आकडे तेच आहेत, एकाच्या बदल्यात पाच. तरीही पहिल्या प्रसंगात वळवणे योग्य म्हणणारे बहुतेक लोक येथे मागे सरतात. काय बदलले, हे आता शब्दांत सांगायचे आहे. हाताने ढकलणे हे कारण असेल तर कळ दाबून पुलावरचा सापळा उघडला तर चालेल का? त्या माणसाचा साधन म्हणून उपयोग करणे हे कारण असेल तर आपण इमॅन्युएल कांटच्या जवळ आलो, ज्याने १७८५ मध्ये म्हटले होते की माणुसकीला, स्वतःमधील असो वा इतरांमधील, केवळ साधन मानू नये. दोन्ही प्रसंगांत फरकच नाही असे म्हणणारा उपयुक्ततावादी, म्हणजे कृतीची योग्यता तिच्या एकूण परिणामांवरूनच मोजणारा, ठरतो, आणि त्याला पुलावरील ढकलणे योग्य मानण्याची तयारी ठेवावी लागते.

कांटची बाजू घेणाऱ्यालाही बिल येतेच. मित्राचा खून करायला आलेल्या माणसाने दाराशी येऊन ‘तो आत आहे का’ असे विचारले तरी खोटे बोलू नये, अशी भूमिका कांटने १७९७ मधील निबंधात घेतली. त्याच्या चाहत्यांनी या निबंधाचा अर्थ सौम्य करण्याचे पुष्कळ प्रयत्न केले आहेत. कांटच्या तत्त्वांतून हा निष्कर्ष खरोखर निघतो का, की तो स्वतःच्याच तत्त्वांचा अर्थ अधिक कडक लावत होता, हे वाचकाने स्वतः ठरवावे. त्या निमित्ताने वर सांगितलेली क्रमांकांची पद्धत वापरून पाहता येते.

‘नीती ज्याची त्याची असते’ हे उत्तरही युक्तिवाद म्हणून तपासावे. समाजासमाजांत नैतिक मते वेगळी आहेत, एवढ्यावरून कोणतेच मत बरोबर नाही असे निघत नाही. पृथ्वीच्या आकाराविषयीही मते वेगळी होतीच. शिवाय हे उत्तर स्वीकारले तर गुलामगिरी बंद होणे ही सुधारणा होती असे म्हणण्याचा हक्क जातो, केवळ बदल झाला एवढेच म्हणता येते.

ज्या प्रश्नांवर लवकर अडकायला होते

इच्छास्वातंत्र्य आणि ईश्वर या दोन प्रश्नांवर थोडक्यात सूचना पुरे. इच्छास्वातंत्र्याच्या बाबतीत, ‘दुसरे काही करता आले असते’ ही स्वातंत्र्याची अट मानायची की नाही, हे आधी ठरवावे. मानली, तर विश्वातील प्रत्येक कणाची आजची स्थिती कळल्यास संपूर्ण भविष्य सांगता येईल, या फ्रेंच गणितज्ञ लाप्लासच्या १८१४ मधील कल्पनेचा सामना करावा लागतो. मानली नाही, तर मग स्वातंत्र्याला दुसरा निकष द्यावा लागतो. हॅरी फ्रँकफर्टने १९६९ मध्ये, पर्याय नसतानाही माणूस जबाबदार असू शकतो असे दाखवणारी उदाहरणे रचली ती याच बाजूने.

ईश्वराच्या प्रश्नात श्रद्धा बाजूला ठेवायला कोणी सांगत नाही. युक्तिवाद काय सिद्ध करतो एवढेच पाहायचे असते. ज्याहून थोर कशाचीही कल्पना करता येत नाही ते केवळ मनात असू शकत नाही, असे अकराव्या शतकात ॲन्सेल्मने मांडले, आणि त्याच काळात गॉनिलो या साधूने त्याच आकाराने सर्वांत परिपूर्ण बेटाचे अस्तित्व सिद्ध करून दाखवले. गॉनिलो श्रद्धावंतच होता. निष्कर्ष मान्य असलेल्या माणसानेही वाईट युक्तिवादाला वाईट म्हणावे, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

वाचन कोठून आणि कसे

सारांशाची पुस्तके हाताशी असावीत, पण मूळ लेखनाची जागा त्यांनी घेऊ नये. सुरुवातीला लहान मजकूर निवडावा: प्लेटोचा ‘युथिफ्रो’, देकार्तची पहिली दोन चिंतने, ह्यूमच्या १७४८ मधील ग्रंथाचे चौथे प्रकरण, जॉन स्टुअर्ट मिलच्या ‘युटिलिटेरियनिझम’चे दुसरे प्रकरण आणि रसेलच्या १९१२ मधील ‘द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी’चे पहिले. ‘युथिफ्रो’ एका बैठकीत वाचून होतो आणि त्यातील एकच प्रश्न, देवांना जे पवित्र आहे ते ते पवित्र असल्यामुळे आवडते, की त्यांना आवडते म्हणून ते पवित्र ठरते, अनेक दिवस पुरतो.

पहिल्या वाचनात लेखकाला काय सिद्ध करायचे आहे एवढेच शोधावे. दुसऱ्या वाचनात युक्तिवाद क्रमांक देऊन उतरवावा. प्लेटोच्या संवादांत सॉक्रेटिसचे प्रत्येक बोलणे प्लेटोचे मत मानू नये, आणि ह्यूम, मिल यांच्या लेखनात ते जेथे दुसऱ्याचा आक्षेप मांडत आहेत तेथे तो त्यांचाच विचार समजण्याची चूक टाळावी. तिसरे वाचन स्वतःच्या आक्षेपासाठी ठेवावे, आणि तो आक्षेप लेखकाने पुढे कोठे आधीच हाताळला आहे का, ते पाहावे. बहुधा हाताळलेला असतो.

टिपण करताना पुस्तकाच्या पानांऐवजी सर्वमान्य क्रमांक लिहावेत. प्लेटोच्या समासात छापलेले क्रमांक १५७८ च्या आवृत्तीवरून आलेले आहेत आणि ते सर्व भाषांतरांत सारखेच असतात. कांटच्या ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ची १७८१ ची पहिली आणि १७८७ ची दुसरी आवृत्ती अनुक्रमे ‘ए’ आणि ‘बी’ या अक्षरांनी दाखवतात. अर्थात कांटचा हा ग्रंथ आरंभी हाती घेऊ नये. त्याच्याकडे जायचेच असेल तर त्याने स्वतः १७८३ मध्ये लिहिलेले छोटे ‘प्रोलेगोमेना’ आधी वाचावे, आणि तेही ह्यूमचे चौथे प्रकरण पचल्यावर, कारण ह्यूमनेच आपल्याला झोपेतून जागे केले असे कांट त्यात सांगतो आणि त्या प्रश्नाची अडचण स्वतः अनुभवल्याशिवाय कांटची एवढी खटपट कशासाठी चालली आहे हे कळत नाही.